माणकाच्या लाल किरणापासून हायड्रोजनच्या वर्णरेषेपर्यंत : प्रकाशाच्या वारंवारता-द्विगुणनाचा इतिहास (१९६१ ते २०२०)

सारांश :

अवरक्त लेसरप्रकाशाचे प्रवर्धन करावे, तो योग्य स्फटिकातून जाऊ द्यावा आणि दुप्पट वारंवारतेचा प्रकाश मिळवावा, ही आज जगभरातील अचूक वर्णपटविज्ञानाच्या प्रयोगशाळांतील नित्याची पद्धत आहे. मात्र विज्ञानाच्या इतिहासलेखनात तिला बहुधा साहाय्यक तंत्राचेच स्थान मिळाले आहे. प्रस्तुत लेखात १९६१ च्या पहिल्या प्रयोगापासून हायड्रोजन अणूच्या मोजमापांपर्यंत या तंत्राची वाटचाल कालक्रमाने मांडली आहे. प्रोटॉनच्या त्रिज्येसारख्या मूलभूत प्रश्नाचे उत्तर अखेरीस या ‘साहाय्यक’ तंत्राच्या विश्वासार्हतेवर कसे अवलंबून राहिले, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : लेसर, वारंवारता-द्विगुणन, अरेषीय प्रकाशशास्त्र, कलाजुळणी, अचूक वर्णपटविज्ञान, हायड्रोजन.

१. प्रस्तावना :

लेसरचा इतिहास सामान्यतः काही ठळक टप्प्यांत सांगितला जातो. १९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलेली उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना, १६ मे १९६० रोजी थिओडोर माइमन यांनी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे प्रज्वलित केलेला माणिक लेसर आणि त्यानंतरची नोबेल पारितोषिके, असा हा क्रम असतो. पाठ्यपुस्तकेही याच क्रमाने जातात. परंतु लेसर निर्माण होणे आणि तो हव्या त्या अणूच्या उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रत्येक अणू ठरावीक वारंवारतांचाच प्रकाश शोषून घेतो. या वारंवारता निसर्गाने ठरवून दिलेल्या आहेत. माणसाच्या सोयीने त्या बदलत नाहीत. याउलट लेसर कोणत्या वारंवारतेला चालेल, हे उपलब्ध पदार्थांवर अवलंबून असते. शक्तिशाली, स्थिर आणि टिकाऊ लेसर व प्रवर्धक प्रामुख्याने अवरक्त भागात मिळतात. निओडिमियमयुक्त स्फटिक १०६४ नॅनोमीटरला, एर्बियमयुक्त प्रकाशतंतू १५५० नॅनोमीटरच्या आसपास आणि यिटर्बियमयुक्त तंतू १०५० नॅनोमीटरच्या परिसरात उत्तम काम करतात. अणूंच्या महत्त्वाच्या रेषा मात्र बहुतांशी दृश्य व अतिनील भागात आहेत. साधन एका तीरावर आणि साध्य दुसऱ्या तीरावर, अशी ही स्थिती होती. या दोन तीरांमध्ये जो सेतू बांधला गेला, तो म्हणजे वारंवारता-द्विगुणन होय.

२. पहिला प्रयोग आणि पुसला गेलेला ठिपका :

माइमन यांच्या शोधानंतर जेमतेम वर्षभराने, १९६१ मध्ये, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन, हिल, पीटर्स आणि वाइनराइख या चौघांनी एक प्रयोग केला. माणिक लेसरचा ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किरण त्यांनी क्वार्ट्‌झच्या स्फटिकावर केंद्रित केला. बाहेर पडलेला प्रकाश वर्णपटमापकातून छायाचित्रण-पट्टिकेवर घेतला असता, लाल प्रकाशाच्या तीव्र डागाखेरीज ३४७.२ नॅनोमीटरपाशी एक अत्यंत फिकट ठिपका उमटला. तरंगलांबी निम्मी, म्हणजेच वारंवारता दुप्पट झाली होती.

यामागील तत्त्व असे आहे. सामान्य तीव्रतेचा प्रकाश पदार्थातून जाताना त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्राच्या प्रमाणात हेलकावे घेतात. क्षेत्र फार तीव्र झाले की हे प्रमाण सरळ राहत नाही; क्षेत्राच्या वर्गाशी निगडित असा घटक त्यात मिसळतो. ज्या स्फटिकाच्या रचनेला सममितीकेंद्र नसते, त्यात हा घटक दुप्पट वारंवारतेचा प्रकाश उत्सर्जित करतो. पुंजवादाच्या भाषेत सांगायचे तर दोन फोटॉन नाहीसे होऊन त्यांच्या एकत्रित ऊर्जेचा एक फोटॉन जन्म घेतो. लेसरपूर्व काळातील कोणत्याही दिव्याच्या प्रकाशाची तीव्रता यासाठी पुरेशी नव्हती. म्हणूनच लेसरच्या शोधाची वाट पाहावी लागली.

हा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकात ऑगस्ट १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासोबत छापलेल्या छायाचित्रात ३४७ च्या आकड्याकडे निर्देश करणारा बाण स्पष्ट दिसतो. परंतु बाणाच्या टोकाशी काहीच नाही. छपाईच्या प्रक्रियेत तो फिकट ठिपका धुळीचा कण समजून पुसला गेला, असे या घटनेविषयी सांगितले जाते. अरेषीय प्रकाशशास्त्र या नव्या ज्ञानशाखेचा आरंभच असा एका गाळल्या गेलेल्या ठिपक्याने झाला. पुढील इतिहासलेखनातही या तंत्राच्या वाट्याला काहीसे असेच आले, हे येथे नोंदविणे उचित ठरेल.

३. कार्यक्षमतेचा प्रश्न व त्याची उकल :

फ्रँकेन यांच्या प्रयोगात कोट्यवधी लाल फोटॉनांमागे एखादाच अतिनील फोटॉन मिळत होता. या अल्प उत्पन्नाचे मुख्य कारण कलेतील विसंगती हे होते. स्फटिकाचा अपवर्तनांक तरंगलांबीनुसार बदलत असल्यामुळे मूळ लाट व द्विगुणित लाट वेगवेगळ्या वेगाने प्रवास करतात. केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात त्यांची पावले चुकतात आणि स्फटिकाच्या पुढच्या थरांत निर्माण होणारा प्रकाश आधीच्या प्रकाशाला खोडून काढतो.

या प्रश्नाची उकल १९६२ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे झाली. बेल प्रयोगशाळेतील जोसेफ जोर्डमेन यांनी आणि फोर्ड मोटर कंपनीच्या प्रयोगशाळेतील मेकर, टर्ह्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी द्विअपवर्तनाचा आधार घेतला. काही स्फटिकांत प्रकाशाचा अपवर्तनांक त्याच्या ध्रुवणाच्या दिशेवरही अवलंबून असतो. स्फटिक योग्य कोनात ठेवल्यास एका ध्रुवणाची मूळ लाट आणि दुसऱ्या ध्रुवणाची द्विगुणित लाट समान वेगाने चालतात. यालाच कलाजुळणी म्हणतात. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठातील आर्मस्ट्राँग, ब्लोमबर्गन, डुकुइंग आणि पर्शान यांनी या विषयाची सैद्धांतिक बैठक सिद्ध केली. स्फटिकाची दिशा ठरावीक अंतराने उलटी करीत गेल्यास चुकलेली पावले पुन्हा जुळवून घेता येतील, ही कल्पनाही त्यांच्याच निबंधात होती. ती प्रत्यक्षात उपयोगी येण्यास सुमारे तीस वर्षे लागली. १९९० च्या दशकात विद्युत्क्षेत्राच्या साहाय्याने लिथियम नायोबेटच्या स्फटिकात असे सूक्ष्म उलटसुलट पट्टे पाडणे शक्य झाले. सिद्धांत आणि हस्तकौशल्य यांच्यामधील हे अंतर इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षित करण्याजोगे नाही. ब्लोमबर्गन यांना लेसर वर्णपटविज्ञानातील योगदानाबद्दल १९८१ चे नोबेल पारितोषिक आर्थर शॉलो आणि काय सीगबान यांच्यासह मिळाले.

या आरंभकाळाशी महाराष्ट्राचा एक थेट दुवा आहे. बारामती येथे १९३८ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेतलेल्या सी. कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. १०.६ मायक्रोमीटरचा हा अवरक्त लेसर उद्योग आणि वैद्यकक्षेत्रातील उपयोगांमुळे सर्वपरिचित आहे. मात्र पटेल यांनी १९६५ मध्ये याच लेसरच्या प्रकाशाचे टेल्युरियमच्या स्फटिकात कलाजुळणीसह द्विगुणन करून दाखविले होते, ही बाब त्यांच्या मराठी चरित्रलेखांत क्वचितच येते. ‘साहाय्यक’ समजल्या गेलेल्या तंत्राची उपेक्षा कशी होते, याचे हे जवळचे उदाहरण होय.

४. अखंड प्रकाश आणि संस्पंदी पोकळी :

प्रारंभीचे द्विगुणन स्पंदित लेसरनेच शक्य होते, कारण क्षणभर का होईना, फार मोठी तीव्रता स्पंदातच मिळत असे. अचूक वर्णपटविज्ञानाची गरज मात्र नेमकी उलटी होती. लाटेची जितकी लांब साखळी अखंड मिळेल, तितकी तिची वारंवारता नेमकेपणाने सांगता येते. स्पंद जितका आखूड, तितकी वारंवारता पसरट, हा तरंगशास्त्राचा मूलभूत नियम आहे. त्यामुळे अखंड चालणाऱ्या, पण तुलनेने दुबळ्या लेसरचे द्विगुणन कसे करावे, हा पुढचा प्रश्न होता.

बेल प्रयोगशाळेतील अ‍ॅश्किन, बॉइड आणि झिएझिक यांनी १९६६ मध्ये यावर उपाय सुचविला. स्फटिक आरशांच्या संस्पंदी पोकळीत ठेवावा, म्हणजे एकदा आत शिरलेला प्रकाश पुनःपुन्हा त्यातून फिरत राहील आणि आतील तीव्रता बाहेरच्यापेक्षा कितीतरी पटींनी वाढेल, अशी ही योजना होती. द्विगुणित प्रकाशाची शक्ती मूळ शक्तीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने आतील शक्ती दहापट झाली की उत्पन्न शंभरपट होते. या पोकळीची लांबी तरंगलांबीच्या अगदी अल्पांशापर्यंत स्थिर राखणे आवश्यक असते. त्यासाठी हेन्श आणि कुयो यांनी १९८० मध्ये मांडलेली ध्रुवणावर आधारित पद्धत आजही अनेक प्रयोगशाळांत वापरली जाते. १९८८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील कोझलोव्हस्की, नेबर्स आणि बायर यांनी अखंड चालणाऱ्या १०६४ नॅनोमीटरच्या लेसरचे ५६ टक्के कार्यक्षमतेने द्विगुणन केले. कोटीत एखादा फोटॉन येथपासून निम्म्याहून अधिक शक्तीपर्यंतचा हा प्रवास २७ वर्षांचा आहे.

दुसरी बाजू प्रवर्धनाची होती. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टन विद्यापीठातील डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल प्रयोगशाळेतील डेसुर्व्हिर यांनी एर्बियमयुक्त तंतूचा प्रवर्धक विकसित केला. त्याचा हेतू दूरसंचाराचा होता. समुद्राखालील केबलमधून जाणारे संदेश वाटेत क्षीण होऊ नयेत, एवढीच अपेक्षा होती. परंतु १५६० नॅनोमीटरचा प्रकाश द्विगुणित केला की ७८० नॅनोमीटर मिळतात आणि रुबिडियम अणूची प्रमुख रेषा नेमकी तेथेच आहे. दूरसंचार उद्योगाने स्वतःसाठी घडविलेली साधने अशा रीतीने अणुभौतिकीच्या हाती आली. स्टॅनफर्डमध्ये २०१२ साली एकेरी मार्गाच्या द्विगुणनातून ७८० नॅनोमीटरचा ४३ वॅट प्रकाश मिळविण्यात आला. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित तंतुप्रवर्धकातून ११७८ नॅनोमीटरचा प्रकाश वाढवून त्याचे द्विगुणन केले असता सोडियमची ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेषा मिळते. चिलीतील पारानाल वेधशाळेत २०१६ पासून याच मार्गाने मिळविलेले चार लेसर आकाशात कृत्रिम तारे निर्माण करतात.

५. हायड्रोजनची कसोटी :

हायड्रोजन हा सर्वांत साधा अणू होय. त्याच्या ऊर्जापातळ्या सिद्धांताने फार अचूकपणे काढता येतात. म्हणून सिद्धांताची कसोटी पाहण्यास यापेक्षा योग्य अणू नाही. त्याच्या मूळ अवस्थेतून दुसऱ्या एस अवस्थेत जाणारे संक्रमण विशेष महत्त्वाचे आहे. ही वरची अवस्था सुमारे एक अष्टमांश सेकंद टिकते, आणि त्यामुळे या रेषेची नैसर्गिक रुंदी केवळ १.३ हर्ट्‌झ आहे. हे संक्रमण घडविण्यासाठी २४३ नॅनोमीटरचे दोन फोटॉन एकाच वेळी लागतात. या तरंगलांबीचा अखंड, स्थिर लेसर थेट उपलब्ध नव्हता.

थिओडोर हेन्श, ली, वॉलेनश्टाइन आणि कार्ल वायमन यांनी १९७५ मध्ये स्टॅनफर्ड येथे ४८६ नॅनोमीटरच्या स्पंदित रंगद्रव्य लेसरचे द्विगुणन करून हे संक्रमण प्रथम अभ्यासले. १९८५ मध्ये अखंड प्रकाशाने ते पाहता आले. पुढे जर्मनीतील गार्खिंग येथील माक्स प्लांक पुंजप्रकाशशास्त्र संस्थेत हेन्श यांच्या गटाने हे काम दशकानुदशके चालविले. १९९७ मध्ये अनिश्चितता दहा लाख कोटी भागांत सुमारे ३.४ भाग इतकी होती. २००० मध्ये ती एक कोटी कोटी भागांत १.८ भागांवर आली.

या झेपेमागे प्रकाशीय वारंवारता-कंगव्याचा शोध होता. अतिसूक्ष्म स्पंदांच्या लेसरमधून समान अंतरावरील लाखो वारंवारतांची जणू मोजपट्टी तयार होते. परंतु ती शून्यापासून किती सरकलेली आहे, हे कळल्याशिवाय तिचा उपयोग नाही. हे सरकणे मोजण्यासाठी कंगव्याच्या अवरक्त टोकाचे द्विगुणन करून त्याची तुलना दुसऱ्या टोकाशी केली जाते. म्हणजे ज्या कंगव्यासाठी जॉन हॉल आणि हेन्श यांना २००५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, त्याच्याही गाभ्याशी द्विगुणनाचा स्फटिकच आहे.

रंगद्रव्य लेसर हे देखभालीस कठीण साधन होते. ते चालविण्यासाठी मोठा लेसर लागे, द्रव्य वारंवार बदलावे लागे. २००६ च्या सुमारास गार्खिंगच्या गटाने मार्ग बदलला. ९७२ नॅनोमीटरचा लहानसा अर्धसंवाहक लेसर घ्यायचा, अर्धसंवाहक प्रवर्धकाने त्याची शक्ती वाढवायची, पहिल्या पोकळीत ४८६ आणि दुसऱ्या पोकळीत २४३ नॅनोमीटर मिळवायचे, अशी ही रचना होती. दोन पायऱ्यांत चौपट आणि अणूने शोषलेले दोन फोटॉन मिळून, संक्रमणाची वारंवारता मूळ अवरक्त वारंवारतेच्या नेमकी आठपट असते. २०११ मध्ये या मार्गाने मिळालेले मूल्य २ ४६६ ०६१ ४१३ १८७ ०३५ हर्ट्‌झ होते आणि त्यातील अनिश्चितता केवळ १० हर्ट्‌झ होती. पॅरिसहून आणलेल्या फिरत्या सीझियम घड्याळाशी ही तुलना झाली. २०१३ मध्ये ९२० किलोमीटर लांबीच्या तंतूने ब्राउनश्वाइग येथील राष्ट्रीय मापनसंस्थेतील घड्याळाशी जोडून केलेल्या मोजमापात ०१८ हर्ट्‌झ हा शेवटचा भाग आला, अनिश्चितता ११ हर्ट्‌झ. दोन्ही मोजमापे परस्परांशी जुळतात.

६. ‘दुप्पट’ म्हणजे नेमके दुप्पट काय? :

येथे एक मूलगामी शंका उपस्थित होते. अवरक्त वारंवारता मोजून तिला आठाने गुणायचे, तर ‘आठ’ हा आकडा खरोखर आठ आहे, हे कशावरून? स्फटिकातील प्रक्रियेत अल्पशी जरी सूट असती, तरी पंधराव्या अंकापर्यंतचे सर्व मोजमाप व्यर्थ ठरले असते. उर्जेच्या अक्षय्यतेवरून गुणोत्तर नेमके असावे, असे सिद्धांत सांगतो. तथापि मापनशास्त्र केवळ ‘असावे’ यावर संतुष्ट राहत नाही.

ब्राउनश्वाइग येथील संस्थेतील श्टेंगर, श्नात्झ, टाम आणि टेले यांनी २००२ मध्ये हीच कसोटी घेतली. १०६४ नॅनोमीटरचा लेसर आणि त्याचा ५३२ नॅनोमीटरचा द्विगुणित प्रकाश यांचे गुणोत्तर त्यांनी कंगव्याच्या साहाय्याने मोजले. उत्तर आले २.००० ००० ००० ००० ००० ००१. त्यातील सापेक्ष अनिश्चितता अब्जाच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी होती आणि शेवटचा एकांक या अनिश्चिततेच्या मर्यादेतच होता. ज्या ठिपक्याला चार दशकांपूर्वी धूळ समजण्यात आले, त्याच घटनेच्या नेमकेपणाची ही ग्वाही होती. एक मर्यादाही येथे नमूद केली पाहिजे. वारंवारता दुप्पट होते, तशी मूळ लेसरच्या कलेतील अस्थिरताही दुप्पट होते. म्हणून द्विगुणन सदोष लेसरला सुधारत नाही. उलट त्याचे दोष अधिक ठळक करते. मूळ अवरक्त लेसर शांत व स्थिर ठेवण्यावर या प्रयोगशाळांनी जो भर दिला, त्याचे कारण हेच होय.

७. प्रोटॉनच्या त्रिज्येचा वाद :

या विश्वासार्हतेची खरी परीक्षा २०१० मध्ये झाली. स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत इलेक्ट्रॉनऐवजी म्यूऑन असलेल्या हायड्रोजनवरून प्रोटॉनची त्रिज्या ०.८४१८४ फेम्टोमीटर मिळाली. तोपर्यंतचे मान्य मूल्य ०.८७६८ होते. सुमारे चार टक्क्यांची ही तफावत अनिश्चिततेच्या कितीतरी बाहेर होती. एकतर सिद्धांत अपुरा होता, किंवा सामान्य हायड्रोजनच्या मोजमापांत काहीतरी चुकत होते.

एकट्या पहिल्या संक्रमणावरून हा निर्णय होऊ शकत नाही. रिडबर्ग स्थिरांक आणि प्रोटॉनची त्रिज्या या दोन अज्ञातांसाठी किमान दोन संक्रमणे मोजावी लागतात. २०१७ मध्ये गार्खिंग येथे दुसऱ्या संक्रमणावरून लहान त्रिज्या मिळाली. २०१८ मध्ये पॅरिस येथे दोन लेसरांच्या वारंवारतांची बेरीज करून मिळविलेल्या २०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने मोठी त्रिज्या मिळाली. २०२० मध्ये गार्खिंगच्या गटाने ८२० नॅनोमीटरच्या अवरक्त कंगव्याचे दोनदा द्विगुणन करून तेच संक्रमण मोजले आणि ०.८४८२ फेम्टोमीटर, म्हणजे लहान मूल्याकडे झुकणारा निष्कर्ष काढला. तत्पूर्वी मूलभूत स्थिरांकांच्या २०१८ च्या शिफारशीत ०.८४१४ हे मूल्य स्वीकारले गेले होते. तथापि पॅरिस आणि गार्खिंग यांच्या एकाच संक्रमणावरील मोजमापांत अंतर उरले, हे मान्य केले पाहिजे. या वादात द्विगुणनाच्या नेमकेपणावर कोणी बोट ठेवले नाही. चर्चा झाली ती अणूंचा वेग, क्षेत्रांचा परिणाम आणि रेषेचा आकार यांची. साधन इतके विश्वासार्ह झाले होते, की ते वादाचा विषयच राहिले नाही.

याच ९७२ ते २४३ नॅनोमीटरच्या मार्गाने युरोपातील सर्न येथील आल्फा गटाने प्रतिहायड्रोजनचे तेच संक्रमण अभ्यासले आणि २०१८ मध्ये एक लाख कोटी भागांत दोन भागांपर्यंत ते हायड्रोजनशी जुळत असल्याचे दाखविले. अमेरिकेतील राष्ट्रीय मापनसंस्थेच्या अ‍ॅल्युमिनियम आयन घड्याळात १०७० नॅनोमीटरचा तंतुलेसर दोनदा द्विगुणित करून २६७ नॅनोमीटर मिळविले जातात. २०१० मध्ये अशा दोन घड्याळांपैकी एक केवळ ३३ सेंटिमीटर उंच उचलले असता ते वेगाने चालते, हे मोजता आले. व्यापक सापेक्षता अशा रीतीने टेबलाच्या उंचीवर उतरली.

८. समारोप :

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, वारंवारता-द्विगुणनाचा इतिहास एका शोधाचा नसून कलाजुळणी, संस्पंदी पोकळी, पट्टेदार स्फटिक आणि अवरक्त प्रवर्धक या चार धाग्यांच्या हळूहळू एकत्र येण्याचा आहे. दुसरा असा की, या धाग्यांपैकी काही शुद्ध विज्ञानातून, तर काही दूरसंचारासारख्या व्यवसायातून आले. मूलभूत आणि उपयोजित ही विभागणी येथे टिकत नाही. तिसरा निष्कर्ष इतिहासलेखनाविषयी आहे. जे साधन यशस्वी होते, ते अदृश्य होते. पुरस्कार, सिद्धांत आणि वाद यांची नोंद राहते; ज्या स्फटिकातून प्रकाश गेला, त्याची राहत नाही.

महाविद्यालयीन पातळीवर विज्ञानाचा इतिहास शिकविताना हा विचार उपयुक्त ठरावा. पदव्युत्तर अभ्यासक्रमात द्विगुणन बहुधा एका सूत्रापुरते येते. त्या सूत्रामागे साठ वर्षांचे श्रम, एक फसवा ठिपका, तीस वर्षे वाट पाहणारी एक कल्पना आणि अठराव्या दशांशस्थानापर्यंत घेतलेली एक शंका आहे, हे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले तर मोजमाप ही यांत्रिक कृती नसून विश्वास कमावण्याची प्रक्रिया आहे, हे त्यांच्या ध्यानी येईल. १९६१ च्या त्या छायाचित्रातील बाण आजही मोकळ्या जागेकडेच निर्देश करतो. ती जागा मोकळी नव्हती, हे सांगणे इतिहासकाराचे काम आहे.